बाजारबुणगे

पदवीच्या वर्गाला इतिहास किंवा बखरवाङ्मय शिकविणाऱ्या कोणाही अध्यापकाला एक प्रश्न आयुष्यभर चुकत नाही: 'पानिपतच्या पराभवाची कारणे लिहा.' उत्तरपत्रिकांत चौथे किंवा पाचवे कारण ठरलेले असते. मराठी सैन्याबरोबर बायका, यात्रेकरू आणि बाजारबुणगे यांचा मोठा जमाव होता, त्यामुळे हालचाल मंदावली व धान्य संपले. आम्हीही विद्यार्थी असताना हेच लिहिले आणि गुण मिळविले. पुढे पनवेलच्या आसपासच्या इतिहासाची कागदपत्रे चाळू लागलो, तेव्हा या चौथ्या कारणाविषयी शंका येऊ लागली. प्रस्तुत लेख त्या शंकेचा आहे.

प्रथम शब्द पाहू. 'बुणगे' म्हणजे लष्कराचे सामानसुमान आणि त्याबरोबर चालणारी न लढणारी माणसे. त्यात बाजार मिळाला की 'बाजारबुणगे'. हा शब्द छावणीतल्या हिशेबाचा होता, त्यात शिवी नव्हती. आज मात्र कोणत्याही पक्षाच्या, सभेच्या किंवा साहित्यसंमेलनाच्या गर्दीतील कुचकामी माणसांना आपण बाजारबुणगे म्हणतो. 'खोगीरभरती'चेही तसेच झाले. खोगिरात भरताड नसेल तर घोड्याची पाठ सोलून निघते, हे घोडा पाळणाऱ्याला ठाऊक होते. घोडा गेला आणि शब्द तुच्छतेपुरता उरला. भाषेने हा निकाल पराभवानंतर दिला आहे, आणि तो विजयी झालेल्या मोहिमांतील बुणग्यांनाही लागू झाला आहे.

या निकालाला नैतिक आधार म्हणून नेहमी शिवाजी महाराजांचा नियम सांगितला जातो. कृष्णाजी अनंत सभासदाने राजारामाच्या सांगण्यावरून जिंजीस १६९७च्या सुमारास आपली बखर लिहिली. तीत लष्कराची जी शिस्त नोंदली आहे, तिच्यात बायको, बटीक व कलावंतीण लष्करात नसावी आणि जो बाळगील त्याला देहान्त शिक्षा, अशा अर्थाचे कलम आहे. कलम अस्सल धाकाचे आहे आणि ते त्या काळात विलक्षण होते याबद्दल वाद नाही. परंतु सभासदाचे ते प्रकरण पुरते वाचले तर त्या कलमाच्या शेजारीच दुसरी एक व्यवस्था दिसते. पावसाळ्याचे चार महिने लष्कराने स्वमुलखातील छावणीत राहावे, दसऱ्याला कूच करावे, आठ महिने परमुलखात पोट भरावे आणि पावसाच्या तोंडाशी परत यावे. म्हणजे शिपाई दर वर्षी घरी येत होता. छावणीत त्याच्यासाठी दाणा, वैरण, औषधे, घरांची शाकारणी यांची तजवीज आधीच केलेली होती. बायका बरोबर नसणे ज्या व्यवस्थेमुळे शक्य झाले ती व्यवस्था विसरून केवळ मनाई तेवढी लक्षात ठेवणे आम्हाला अर्धवट वाचन वाटते. एका ओळीत तीन निरनिराळ्या स्त्रिया आल्या आहेत, लग्नाची, विकत घेतलेली आणि नाचगाणे करणारी, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे. नियमाच्या दृष्टीने तिघींचे वजन सारखेच होते.

नंतर मोहिमा लांबल्या. नर्मदेच्या पलीकडे गेलेले लष्कर दर आषाढात देशावर परतणे शक्य नव्हते. शिंदे, होळकर, पवार यांचे संसारच उत्तरेत वसले. घर आणि छावणी यांतील सीमा पुसट झाली. मोगलांच्या बाबतीत ती कधीचीच पुसली होती. औरंगजेबाची छावणी हे चालते शहर होते, आणि त्या शहरात एक मराठी बाईही बरीच वर्षे राहिली. रायगड १६८९मध्ये पडल्यावर येसूबाई आणि बाळ शाहू त्या छावणीत कैदी म्हणून गेले. शाहू १७०७मध्ये सुटले, येसूबाईंना १७१९पर्यंत परत येता आले नाही. सैन्याबरोबर चाललेल्या स्त्रियांत ही कैदी स्त्रीही धरावी लागते.

मुद्दा केवळ आपला नाही, हे समजण्यासाठी थोडे फ्रान्सकडे पाहू. तेथील राजेशाहीच्या काळात पलटणीमागून बायकामुलांचे तांडे चालत. क्रांतीनंतर लाखो माणसे सैन्यात आली आणि तांडे फुगले. तेव्हा ३० एप्रिल १७९३ रोजी राष्ट्रीय परिषदेने हुकूम काढून अनावश्यक स्त्रियांना सैन्यातून घालवून दिले. लढणाऱ्या स्त्रियाही त्यात गेल्या. त्यांतल्या फर्निग भगिनी आदल्याच वर्षी जमाप्पच्या लढाईत गाजल्या होत्या. मात्र त्याच हुकुमाने दोन प्रकारच्या स्त्रियांना अधिकृत जागा दिली: दर बटालियनमागे चार धोबिणी, आणि शिपायांना दारू, खाणे, दोरा, सुई विकणाऱ्या 'व्हिव्हांदिएर'. या दुसऱ्या बाईला पुढे 'कांतिनिएर' म्हणू लागले. कमरेला छोटे लाकडी पिंप, दुसऱ्या साम्राज्याच्या काळात पलटणीच्या रंगाचा पोशाख, आणि सामान्यतः त्याच पलटणीतल्या शिपायाशी लग्न, असे तिचे रूप चित्रांतून आणि गाण्यांतून घरोघरी गेले. दोनिझेत्तीची 'पलटणीची मुलगी' ही संगीतिका १८४०मध्ये पॅरिसला रंगमंचावर आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रेंच सैन्याने हे पद बायकांकडून काढून घेतले, तोपर्यंत ते शंभराहून अधिक वर्षे टिकले होते. रोमान्सचा भाग सोडला तर फ्रान्सने एवढेच केले की जी बाई नाहीतरी चालत होती तिला बिल्ला, परवाना आणि संख्या दिली. मराठी दौलतीने ते केले नाही. त्यामुळे त्यांची चित्रे उरली आणि आपल्याकडे एक शिवी उरली.

आता पनवेलकडे येतो. या भागात राहणाऱ्या आम्हा मंडळींना पनवेल हे बंदर होते हेच मुळी पटवून द्यावे लागते, इतकी खाडी भरून आली आहे. पण मुंबईहून पुण्यास जायचे तर होडीने पनवेलला उतरावे आणि चौक, खालापूर, खोपोलीवरून बोरघाट चढावा, हा जुना राजमार्ग होता. १७७८च्या नोव्हेंबरअखेरीस या बंदरावर मुंबईकर इंग्रजांची फौज उतरली. रघुनाथरावांना पेशवाईवर बसविण्याचा तो उद्योग. त्यामागे फ्रेंचांचे निमित्तही होते. १७७७मध्ये सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ चौलला उतरून पुण्यात आला, नाना फडणिसांनी त्याचा मोठा मान राखला, आणि फ्रेंच फौज पश्चिम किनाऱ्यावर येणार या धास्तीने मुंबईकरांची झोप उडाली. फ्रेंच फौज आली नाही. तिच्या भीतीने इंग्रजांची मात्र पनवेलास आली.

या फौजेचे आकडे ग्रँट डफच्या इतिहासापासून सर्वत्र दिलेले असतात: सैनिक सुमारे ३,९००, आणि बैल १९,०००हून अधिक. आम्ही हे दोन आकडे वर्गात फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो आणि मुलांना विचारतो, तिसरा आकडा कोठे आहे? एकोणीस हजार बैल स्वतःहून चालत नाहीत. त्यांना हाकणारे, त्यांच्या पाठीवर गोण्या लादणारे आणि उतरविणारे, चारा कापून आणणारे, पाण्यावर नेणारे लोक हवेत. त्या लोकांना रोजची भाकरी हवी. गोऱ्या अधिकाऱ्यांचे खानसामे, डोल्यांचे भोई, पखाली, धोबी, बाजारातले वाणी, आणि शिपायांची कुटुंबे. कंपनीचा देशी शिपाई लांबच्या चाकरीवर कुटुंब बरोबर नेत असे, हे त्या काळच्या लष्करी लिखाणात वारंवार येते. बैलाचे भाडे द्यावे लागते म्हणून बैल मोजला गेला. कणीक मळणारी बाई सरकारला काही मागत नव्हती म्हणून ती कोणत्याही फर्दीवर चढली नाही.

ही फौज घाट चढून २३ डिसेंबरला खंडाळ्यावर गेली. पुढे तर दिवसाला मैलभरही चाल होईना. कार्ल्याजवळ ४ जानेवारी १७७९ रोजी कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला इष्टुर फाकडा, तोफेच्या गोळ्याने पडला. ९ तारखेस तळेगाव गाठले तो गाव जाळून रिकामा केलेला. ११च्या रात्री अवजड तोफा तळ्यात ढकलून, सामान पेटवून, फौज गुपचूप मागे फिरली. पण एवढा बाजार घेऊन गुपचूप फिरता येत नाही. मराठ्यांनी वाटेतच गाठले. १२ तारखेला वडगावात आसरा घेताना बुणग्यांची गावात शिरण्यासाठी झालेली रेटारेटी आणि तीमुळे शिपायांच्या रांगांत झालेला गोंधळ डफने सांगितला आहे. पुढे तह झाला तो सर्वश्रुत आहे.

आमचे म्हणणे असे की या प्रसंगाची आकृती पानिपतासारखीच आहे. अवजड तोफा, तुटलेली रसद, मध्ये सापडलेले न लढणारे लोक, जानेवारीतली माघार. पण वडगावची कारणे सांगताना इंग्रज इतिहासकार एजर्टनचे आजारपण, कॉकबर्नचा कचखाऊपणा, कार्नॅकची समिती आणि मुंबईकरांचा उतावळेपणा यांची नावे घेतात. कंपनीच्या संचालकांनीही या तिघांनाच नोकरीतून काढले. पराभवाचा दोष निर्णय घेणाऱ्यांवर गेला. बुणगे हे सैन्याबरोबर असतातच, असे धरले गेले. हा शहाणपणा इंग्रजांना नेहमी सुचला असेही नाही. १८३९मध्ये काबूलकडे निघालेल्या त्यांच्या फौजेमागे सैनिकांच्या चौपट बाजार होता. जानेवारी १८४२मध्ये तिथून माघार घेताना साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या आसपास इतर माणसे होती. त्या बर्फात मेलेल्या हिंदी बायका-मुलांची नावे कोठे नाहीत. लेडी सेल या अधिकाऱ्याच्या पत्नीची रोजनिशी मात्र लंडनमध्ये छापली गेली आणि खपली.

पानिपताकडे वळू. मार्च १७६०मध्ये भाऊसाहेब पटदुराहून निघाले तेव्हा उत्तरेत जाणाऱ्या मोठ्या लष्कराच्या सावलीत काशी, प्रयाग, मथुरा, कुरुक्षेत्र पाहून घ्यावे म्हणून पुष्कळ लोक निघाले. एकट्यादुकट्याने इतका प्रवास करणे धोक्याचे होते. विधवांना तर या निमित्ताखेरीज यात्रा घडणे कठीण. सूरजमल जाटाने सल्ला दिला की कबिले आणि जड तोफखाना मागे सुरक्षित ठेवून सडे राहून गनिमी पद्धतीने लढावे. तो मानला गेला नाही. काशीराज पंडिताने आणि बखरींनी हा प्रसंग रंगवून सांगितला आहे, आणि चौथ्या कारणाचे मूळ यातच आहे. पण सल्ल्याचे दोन भाग होते. कबिले ठेवा आणि तोफा ठेवा. आपण पहिला भाग लक्षात ठेवला.

दुसरा भाग का विसरला जातो ते सांगणे कठीण नाही. इब्राहिमखान गारदी हा पानिपतावरचा अभिमानाचा विषय आहे. गारदी हा शब्दच फ्रेंच 'गार्द'वरून आला असे मानले जाते. इब्राहिमखान हैदराबादेस बुसी या फ्रेंच सेनानीच्या हाताखाली कवायत शिकला होता. उदगीरला त्याच्या तोफांनी निजामाला नमविले आणि भाऊसाहेबांचा त्या पद्धतीवर विश्वास बसला. परंतु ओढायच्या तोफा, दारूगोळ्याचे गाडे आणि कवायती पायदळ असले की फौजेची गती बैलाची होते. मग सोबत बायका असोत वा नसोत. घोड्यावर भाकरी बांधून दिवसाला वीस कोस मारणारी जुनी मराठी चाल जिथे संपली तिथेच बुणगे अपरिहार्य झाले. म्हणून लढाईची रचनाही गोलाची ठरली: चारी अंगांनी फौज, तोफा पुढे, मध्ये बुणगे, आणि तसेच सरकत यमुनेच्या बाजूला निघून जायचे. ती रचना बायकांमुळे मोडली नाही. विट्ठल शिवदेव आणि इतर पथके रांग सोडून पुढे घुसली, गारद्यांच्या माऱ्याला मधेच आपलेच लोक आडवे आले, असे लढाईचे वर्णन करणारे सांगतात. शेजवलकरांनी पानिपताचा जो बारकाईने अभ्यास केला त्यामुळे या बाबी मराठी वाचकापुढे केव्हाच आल्या आहेत. पाठ्यपुस्तकी उत्तर त्यांच्या अलीकडेच थांबते.

आणि त्या अडीच महिन्यांत मध्यभागी असलेल्या बायका काय करीत होत्या? हा प्रश्न आम्हाला इतिहासापेक्षा स्वयंपाकघरातून विचारावासा वाटतो. छावणीत येणारे धान्य अख्खे येते. लमाणांच्या बैलांवरून आलेली गोणी उघडली की ज्वारी, गहू किंवा हरभरा बाहेर पडतो. पीठ पडत नाही. घोड्याची चंदी भिजवावी लागते, माणसाचे दळण दळावे लागते. जाते फिरविणे हे मराठी समाजात पुरुषाने करायचे काम नव्हते. मोठ्या सरदाराच्या मुदपाकखान्यात आचारी ब्राह्मण असतील, पण दळणकांडण, भांडी, पाणी, गोठा ही कामे कुणबिणींची. पेशवाईत कुणबिणी विकत घेतल्या जात, बक्षीस दिल्या जात, पळाल्या तर शोधून आणल्या जात. मोहिमेवर त्या तंबू-राहुट्यांबरोबरच निघत. सरदारांच्या कबिल्यांची आठवण बखरींनी ठेवली; या दळणाऱ्या बायका त्या कबिल्यांच्याही मागे चालत होत्या.

लमाणांचा उल्लेख आला म्हणून थोडे अधिक. अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानात मोगल, निजाम, मराठे, हैदर, इंग्रज, सगळ्यांच्या फौजांचा दाणापाणी वंजारी-लमाण तांड्यांच्या बैलांवर अवलंबून होता. तांडा म्हणजे पुरुषांची टोळी नव्हे. नायकापासून तान्ह्या पोरापर्यंत अख्खी वस्ती चालत असे, आणि बैल लादणे, हाकणे, राखणे यांत बायका बरोबरीच्या होत्या. एखादी फौज हरणार असा वास आला की तांडा दुसरीकडे वळे. १८०३च्या दख्खन मोहिमेत वेलस्लीने सर्वांत जास्त काळजी कशाची घेतली असेल तर ती बैलांची आणि वंजाऱ्यांची. फ्रान्सच्या व्हिव्हांदिएरला आपल्याकडे जोड शोधायची तर ती या लमाणीत सापडते. फरक इतकाच की ती एका पलटणीची नव्हती.

पेंढाऱ्यांच्या बायकांचे चित्र मात्र वेगळे आले आहे. त्या तट्टांवर किंवा उंटांवर बसून लुटीला जात आणि खेड्यांतील लोक त्यांना पुरुषांपेक्षाही अधिक भीत, असे माल्कमने मध्य हिंदुस्थानाच्या वृत्तांतात लिहिले आहे. माल्कम पेंढाऱ्यांचा नायनाट करायला आलेला अधिकारी होता, त्यामुळे त्याचा शब्द थोडा पारखून घ्यावा. तरी गावकऱ्यांची भीती त्याने कल्पनेने रचली असेल असे आम्हाला वाटत नाही. सैन्याबरोबरच्या बायका नेहमी सोसणाऱ्याच होत्या असे मानण्याची एक नवी सवय आपल्याला लागली आहे, तिला हा उतारा जरासा लगाम घालतो.

सरदारघराण्यांतील स्त्रियांच्या शौर्यकथा सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्यांवर येथे रेंगाळत नाही. ताराबाई, उमाबाई दाभाडे, महिदपुरास १८१७च्या डिसेंबरात घोड्यावर असलेली भीमाबाई होळकर. त्या बुणग्यांत नव्हत्या. त्यांच्यामागे बुणगे होते. आनंदीबाईंची गोष्ट मात्र मधल्या जागी पडते. पळत्या रघुनाथरावांबरोबर त्या गरोदर अवस्थेत चालल्या होत्या. अखेर त्यांना धारच्या किल्ल्यात ठेवून नवरा गुजरातेकडे गेला. तिथे जानेवारी १७७५मध्ये मुलगा झाला, तोच दुसरा बाजीराव. मराठी राज्याचा शेवटचा पेशवा हे छावणीच्या वाटेवरचे मूल होय, ही गोष्ट आमच्या एका विद्यार्थिनीने दाखवून देईपर्यंत आमच्याही ध्यानात आली नव्हती.

सामान्य स्त्रीचा एकच चेहरा आम्हाला स्पष्ट दिसला, तो इंग्रजी पुस्तकात. टॉमस ड्यूअर ब्राउटन हा इंग्रज रेसिडेंटाच्या लवाजम्यातील अधिकारी १८०९मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर राजस्थानात हिंडत होता. त्याने भावाला लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने निघाली. शिंद्यांची कवायती पलटणे द बॉइन आणि पेराँ यांनी उभारलेली. म्हणजे फ्रेंच वळणाचीच. त्यांपैकी एका पलटणीत जोरावरसिंग नावाचा तरुण शिपाई दोन-तीन वर्षे चाकरी करीत होता. वागणूक चांगली, सोबत्यांचा आवडता, पण स्वयंपाक एकट्याचा आणि आंघोळही एकट्याची. एक दिवस तो बाई असल्याचे उघड झाले. तिचा भाऊ भोपाळात कर्जापायी कैदेत होता आणि पगार साठवून त्याला सोडवावे म्हणून तिने बंदूक घेतली होती. ही हकीकत छावणीभर झाली. दौलतराव आणि बायजाबाई दोघांनीही तिच्याविषयी आदर दाखविला. बायजाबाईंनी तिला आपल्या पदरी ठेवण्याची इच्छा दर्शविली आणि भावाच्या सुटकेसाठी भोपाळच्या नबाबाकडे शब्द टाकण्यात आला. शिक्षा कोणी केली नाही. सभासदाच्या कलमापासून आपण शंभराहून अधिक वर्षे दूर आलो आहोत, आणि नियम मोडणारीच्या बाजूने छावणी उभी राहिलेली दिसते. ब्राउटनच्या जागी आपला एखादा कारकून असता तर या बाईचा पगार तेवढा नोंदला गेला असता, आणि तोही पुरुषाच्या नावावर.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी यात एक प्रश्न आहे, तो आम्ही येथे मांडून ठेवतो. उत्तर पेशवाईची लावणी ही मोहिमांच्या काळात फुललेली कविता. होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर, परशराम यांच्या लावणीत विरहिणी भरपूर भेटते. पती मुलूखगिरीवर गेला आहे, पावसाळा आला, तो आला नाही, ती वाट पाहते. ही स्त्री घरात आहे, माडीवर आहे, उंबऱ्यात आहे. छावणीत चालणारी, तट्टावर पोर बांधून नदी उतरणारी, रात्री रानात चूल पेटविणारी स्त्री त्या कवितेची नायिका होत नाही. वास्तविक शाहीर आणि लावणी गाणाऱ्या कलावंतिणी स्वतः छावण्यांतून हिंडत होत्या. आपल्या शेजारच्या पालातली बाई त्यांना दिसत नव्हती असे म्हणवत नाही. शृंगाराला अंतर लागते. जी बरोबरच आहे तिचा विरह कसा गाणार, असे एक उत्तर सुचते, पण ते पुरेसे नाही. आधुनिक कादंबरीनेही 'राऊ'मध्ये मस्तानीला आणि 'पानिपत'मध्ये पेशव्यांच्या घरातील स्त्रियांना मोहिमेवर पाहिले. त्यांच्या पाण्याचे हंडे कोणी भरले, हे लिहायची वेळ अजून यायची आहे.

पानिपतानंतर नानासाहेबांच्या हाती लागलेली ती सावकारी चिठ्ठी प्रसिद्ध आहे. तीत मोठ्या माणसांचा मृत्यू मोत्यांच्या आणि मोहरांच्या भाषेत सांगितला होता, आणि उरलेल्या रुप्या-तांब्याच्या नाण्यांची गणती होत नाही असे म्हटले होते. चिठ्ठी लिहिणाऱ्याने सैनिकांनाही त्या खुर्द्यात धरले असणार. बायका त्या खुर्द्याच्याही तळाशी गेल्या. काशीराज पंडिताने दुसऱ्या दिवशीच्या कत्तलीचे आणि गुलाम म्हणून वाटल्या गेलेल्या बायकामुलांचे वर्णन केले आहे. जे वाचले त्यांना सूरजमलाच्या मुलखात अन्नवस्त्र मिळाले, ज्याचा सल्ला मानला नव्हता त्याच्याच.

भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई त्या दिवशी रणांगणावर होत्या. त्या पेणच्या कोल्हटकरांच्या घरातल्या, म्हणजे आमच्या पनवेलहून एका दुपारच्या अंतरावरच्या. काही निष्ठावंतांनी त्यांना गर्दीतून बाहेर काढले आणि त्या दक्षिणेस पोचल्या. भाऊसाहेबांच्या मृत्यूवर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. पुढे कनोजी ब्राह्मण सुखनिधान हा भाऊसाहेब म्हणून उभा राहिला. त्याला रत्नागिरीस कैदेत ठेवले, तिथून सुटून १७७६मध्ये त्याने कोकणातले किल्ले घेतले, हजारो माणसे त्याच्यामागे गेली. अखेर पकडून त्याला मारण्यात आले. नरसिंह चिंतामण केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकामुळे मराठी वाचकाला ती कथा माहीत आहे. वाड्यात बसून ती बातमी ऐकणाऱ्या बाईने पानिपतचे मैदान पाहिले होते, आणि तिच्या माहेरच्याच मुलखात हे बंड पेटले होते. तोतया मारला गेल्यावरही तिने वैधव्य पत्करले नाही. १७८३मध्ये त्या वारल्या, तोवर पानिपतला बावीस वर्षे झाली होती.